पलंगाखालचा पत्ता

शर्वाणी कुदळेने धायरीहून आणून दिली ती,
पिंजऱ्यावर चादर टाकून, नवी नवरी आणावी तशी.
"मार्केट यार्डात सापडली, कोथिंबिरीच्या गाळ्यामागे.
नाव जुडी. दोन वर्षांची असेल.
बोलावू नकोस, डोळ्यांत बघू नकोस."
आणि जिन्यात चप्पल घालता घालता,
"महिना लागेल, वर्षही लागेल. जमेल ना?"

जमेल म्हणाले.
माझं कामच ते:
खराडीत चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून
लपलेली माणसं शोधायची.
हप्ता थकलेली, फोन न उचलणारी,
मुलाला "बाबा घरी नाहीत" म्हणायला लावणारी.
मागे कुकरची शिट्टी होते,
बाबा खोकतात.
मी म्हणते, बरं, दहा मिनिटांनी परत करते.

जुडी पलंगाखाली गेली ती गेलीच.
जुन्या बॅगेमागे, भिंतीच्या कोपऱ्यात
दोन डोळे, बाकी अंधार.
रात्री ताटली भरून ठेवायची, सकाळी रिकामी उचलायची,
घरात भूत जेवून जावं तसं.
तिच्यासाठी जन्मात पहिल्यांदा सुकट घेतली,
बिबवेवाडीच्या बाजारात, इकडेतिकडे बघत,
कागदात कागद, वर पिशवी;
तरी जिन्यात पेंडसेकाकूंनी नाक उडवलंच.
"मांजरीसाठी आहे."
"दिसली नाही गं कधी."
मला तरी कुठे दिसली होती.

पंधराव्या दिवशी, रविवारी, धीर सुटला.
पोटावर पालथी पडून हात आत घातला.
अंगठ्यापासून मनगटापर्यंत तीन रेघा.
मी ओरडले,
आणि तो आवाज ऑफिसातला होता.
घरात पहिल्यांदाच ऐकला मी तो,
कसा लागतो, समोरच्याला.
बॅगेमागचे डोळे मिटून गेले.
हळद दाबून फरशीवर बसून राहिले बराच वेळ.
शर्वाणी फोनवर एवढंच म्हणाली,
"पुन्हा शून्यापासून."

मग तिच्याकडे पाठ करून बसायला शिकले.
मेथी निवडत, कधी पेपर वाचत, हलक्या आवाजात:
कांद्याचे भाव, पाणीकपातीचा वार,
कात्रजच्या पिशवीवरची तारीखसुद्धा.
काय वाचते याला अर्थ नव्हता.
या आवाजाला काही नको आहे,
एवढं तिला पटायला हवं होतं.
पटायला मलाही दिवस लागले.

मंगळवारी यादीत सासवडचा एक नंबर होता,
तेवीस वेळा न उचललेला.
चोविसाव्याला उचलला.
कुणी बोलेना. नुसता श्वास.
पडद्यावरचं ठरलेलं वाक्य ओठांशी आलं,
तिथेच थांबलं.
कोपऱ्यात सेकंद पळत होते, लाल आकड्यांत,
आम्ही दोघी गप्प.
मग तिकडून, फार लांबून, "बोला."
"घाई नाही," मी म्हणाले.
साहेबांनी ऐकलं असेल तर ऐकलं.

काल रात्री भांडी घासताना
टाचेला काहीतरी लागलं.
ओलं, गार, हरभऱ्याएवढं.
नळ बंद केला नाही. वळले नाही.
लख्ख झालेली कढई घासत राहिले, घासतच राहिले,
बादलीभर पाणी गेलं असेल वाया,
पाणीकपातीच्या आदल्या रात्री.
वळले तेव्हा ओट्यापाशी कुणी नव्हतं.

सकाळी वाकून पाहिलं, चोरून, कडेकडेने.
पलंगाखाली अंधार, दोन डोळे, नेहमीसारखेच.
पण बॅगेच्या अलीकडे.
वीतभर.